डबा कोनाच्या घरी हाये?

"सूनबाई, आयकलं का? कोपऱ्यावरच्या घरी डबा बसवला म्हने."

काकूंची बातमी 'म्हने'वर येऊन थांबली की समजावं, आता अर्धा तास तरी चुलीकडे जाणं नाही. देसाईगंज म्हणजे आमचं वडसा. इथं दिवाळी सरून नाटकांचा हंगाम तोंडावर आला की घरकामात तसंही कोणाचं मन लागत नाही. काकू कुंपणापलीकडे वालाच्या शेंगा मोडत होत्या, मी अलीकडे तांदूळ निवडत होते.

"कसला डबा, काकू?"

"आता वं! टीव्हीचा. कोनतं घर कोनती शिरेल पाह्यते, थे मोजाचा. त्याईच्या घरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टीव्ही चालू रायते. फुकट कोनी लाइटबिल वाढवून घेते का?"

काका ओसरीवर पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याले झोप येत नाही. डॉक्टरनं गोळी बदलली."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"मेडिकलमध्ये माझ्यापुढंच उभा होता."

"म्हंजे डबा नाई?"

"असला तरी तो काय तुले सांगन? ज्याच्या घरी डबा त्यानं तोंड बंद ठेवाचं, असा नियमच आहे."

नियम खरा आहे. टीव्ही कोण किती पाहतं हे मोजणारी बार्क नावाची संस्था आहे. ती ज्या घरात यंत्र बसवते, ते घर गुप्त ठेवलं जातं. घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण नेमून दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं. चॅनलच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती ऐकून यंत्राला कळतं काय चाललंय ते. 2020 साली मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, तो या डब्यांवरूनच. डबेवाल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं जात होतं, असा आरोप होता.

मी एवढं सांगितलं आणि काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "पैसे देत होते? टीव्ही पाहाचे?"

"आरोप होता, काकू."

"असू दे. आपल्याकडं कोनी येऊन आरोप नाई करत."

काकूंच्या डोक्यात डबा शिरला तो नातीमुळे. नात ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते, दिवाळीला घरी आलेली. तिनं वहीचं पान फाडून चॅनलला पत्र लिहिलं होतं आणि गल्लीत सह्या गोळा करत फिरत होती. मागणी एकच: 'दिल दोस्ती दुनियादारी' परत सुरू करा. तीच सहा माणसं, तेच माजघर.

"आजी, तू सही कर ना."

"करतो ना. पन थे शिरेल कोनती, मले आठोत नाई. सासू कोन होती त्यातली?"

"सासू नव्हतीच!"

"मंग चालली कशी?"

चालली, आणि चांगली चालली. मार्च 2015 मध्ये झी मराठीवर सुरू झाली, फेब्रुवारी 2016 मध्ये संपली. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये सहा जण राहतात, फ्लॅटला माजघर म्हणतात, एवढीच गोष्ट. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे ही तेव्हा फारशी ओळखीची नसलेली पोरं घराघरात पोचली ती रात्री साडेदहाच्या वेळेला. ज्या वयाच्या मुलांनी मराठी चॅनल आईवडिलांसाठी सोडून दिलं होतं, ती मुलं त्या वेळेला टीव्हीपुढं यायला लागली. संपली तेव्हा त्यांनीच गलका केला, दुसरं पर्व आणा म्हणून.

"आणलं होतं ना मग?" काकांनी पान उलटलं. "मी पाह्यलं होतं."

"आबा, ते 'दिल दोस्ती दोबारा' होतं," नात वैतागली. "2017 च्या फेब्रुवारीत आलं. सहाही जण तेच. पण नावं दुसरी, नाती दुसरी, गोष्ट दुसरी. माजघर गेलं आणि 'खयाली पुलाव' नावाचं हॉटेल आलं. सप्टेंबरात गुंडाळलं. आम्हाला माणसं कुठं हवी होती? आम्हाला घर हवं होतं."

"समजलं," काकू म्हणाल्या. "जावई तोच, पन पोरगी दुसऱ्याची."

नातीला हसू आवरेना, पण तिनं कागद पुढं केलाच. काकूंनी तो शेंगांच्या टोपलीखाली दाबून ठेवला. "थांब. आधी माह्या शिरेलीचं सांगतो. माहीवाली त् परत आली, सही-बिही न करता."

काकूंची म्हणजे सीआयडी. हिंदी असली म्हणून काय झालं, मुख्य माणूस प्रद्युमन म्हणजे शिवाजी साटम, आपला. काकूंच्या लेखी ती मराठीच मालिका. 21 जानेवारी 1998 ला सुरू झाली आणि 27 ऑक्टोबर 2018 ला बंद झाली. दीड हजारावर भाग. बंद होणार म्हटल्यावर चाहत्यांनी इंटरनेटवर सीआयडी वाचवा म्हणून ओरड केली. चॅनलनं ऐकलं नाही. मग सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत जुने भाग पुन्हापुन्हा लागत राहिले, इन्स्पेक्टर दयाच्या दरवाजा तोडण्याचे तुकडे फोनवर फिरत राहिले, आणि जी पोरं मालिका सुरू झाली तेव्हा जन्मलीही नव्हती ती प्रद्युमनसारखी बोटं फिरवायला लागली. 21 डिसेंबर 2024 ला सीआयडी परत आली.

"आली, पन फ्रेडरिक नाई आला," काकू म्हणाल्या.

फ्रेडरिकचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्येच गेले होते.

"थो नाई त् मले करमलंच नाई पहिले आठ दिवस. मंग उन्हाळ्यात यायनं काय केलं? प्रद्युमनलेच मारून टाकलं!"

"एप्रिल 2025," नातीनं तारीख पुरवली. "चॅनलनं श्रद्धांजलीचा फोटो टाकला. लोक असे चिडले की विचारू नका. खरंच साटम गेले की काय, असंच वाटलं कितीतरी जणांना. त्यांच्या जागी पार्थ समथान आला. लोकांचं मन काही बसलं नाही."

"मंग?"

"मग प्रद्युमन परत आला."

"आला ना! मेलेला मानूस परत आनला! म्हंजे आयकतात थे. तू लिहून टाक."

काकांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. म्हणजे आता ते बोलणार. "मेलेला माणूस परत आणण्याची आयडिया सीआयडीची नाही. अण्णा नाईकची आहे."

यावर कोणाचं दुमत नव्हतं. 'रात्रीस खेळ चाले' फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू झाली ती अण्णांच्या मरणानंच. मेलेल्या माणसाच्या घरात काय काय घडतं, अशी ती गोष्ट; ऑक्टोबरात संपली. लोकांना आणखी हवं होतं, पण ज्याच्या नावानं हवं तो तर पहिल्याच भागात गेलेला. मग 2019 च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं आणि गोष्ट मागं गेली: अण्णा जिवंत असतानाची. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी पहिल्या पर्वाला झाकून टाकलं. पुढं 2021 मध्ये तिसरं पर्व आलं.

"म्हणजे परत आलेलं नेहमी पडतं असं नाही," मी म्हटलं. "अण्णांचं दुसरंच जास्त गाजलं."

"कारण त्यांनी जुनं आणलं नाही, जुन्याच्या आधीचं आणलं," काका म्हणाले. "आणि कोणाच्या सह्या घेऊन नाही आणलं. पहिलं चाललं होतं, त्याचे आकडे त्यांच्यापाशी होते. तुझ्या माजघराचे आकडे कोणापाशी आहेत आता, सांग."

नात गप्प. पण काकूंच्या घरात नात गप्प बसली तरी आजी बसत नाही. "तुमी 'चला हवा येऊ द्या'चं सांगा ना. थे त् आलं परत."

"आलं. 2014 ला सुरू झालेलं, मार्च 2024 ला बंद पडलं, 2025 च्या जुलैत पुन्हा आलं. पण निलेश साबळे कुठं होता? अभिजित खांडकेकर उभा होता माइक घेऊन."

"भारत गणेशपुरे होता ना! माह्यासाठी थोच पुरे."

गणेशपुरे अमरावतीकडचे. आमच्या झाडीबोलीत आणि त्यांच्या वऱ्हाडीत अंतर आहे, पण मुंबईच्या टीव्हीवर 'मले-तुले' ऐकू आलं की वैनगंगेच्या या काठालाही माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची दाखवली होती, तेव्हा काकूंनी त्या मालिकेतल्या शनायाला साडेचार वर्षं मनापासून शिव्या दिल्या. मध्ये शनायाचं काम करणारी रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, नंतर रसिका परत आली. काकूंनी शिव्यांमध्ये खंड पडू दिला नाही.

"शिव्या त् शनायाले होत्या," काकूंचा खुलासा. "थे कोनी का असंना."

एवढ्यात काकांना रामायण आठवलं. ते आठवणारच होतं. बंद झालेल्या मालिकेबद्दल कोणी काही बोललं की त्यांची गाडी 1988 वर जाते. तेव्हा ते चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ भाड्यानं राहत होते आणि रविवारी सकाळी घरमालकाच्या खोलीत पुढची जागा मिळावी म्हणून आंघोळ करून आधीच जाऊन बसत.

"रामायण संपलं नव्हतं, संपवत होते," काका म्हणाले. "आधी बावन्न भागांचीच मंजुरी होती रामानंद सागरले. लोकांनी मागणी केली, वाढवत वाढवत अठ्ठ्याहत्तर झाले. 31 जुलै 1988 ले राज्याभिषेक झाला आणि संपलं. पण तिकडं जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. का? ते वाल्मीकींना मानणारे. वाल्मीकींच्या आश्रमात लव-कुश वाढले, ते उत्तरकांड दाखवल्याबिगर रामायण संपतेच कसं? झाडू खाली ठेवले. दुसऱ्याही शहरांत पसरलं ते. कचऱ्याचे ढीग लागले."

"मंग?"

"मग काय, सरकार वाकलं. त्याच साली ऑक्टोबरमध्ये पुढचे भाग सुरू झाले. लव-कुश आले."

नात डोळे विस्फारून ऐकत होती. तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्या पिढीचं रामायण 28 मार्च 2020 चं. टाळेबंदी लागली, लोकांनी मागणी केली, तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं आणि दूरदर्शननं सकाळ-संध्याकाळ दाखवायला सुरुवात केली. 16 एप्रिलचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शननं सांगितलं. तेव्हा रस्ते ओस होते आणि माणसं घरात होती. मागणी मान्य करायला कोणाचं काही अडलं नव्हतं.

"पाह्य आता," काकांनी नातीकडं बोट केलं. "दोन्ही वेळा लोकांनी मागितलं. दुसऱ्या वेळेस नुसतं मागितलं आणि भेटलं, कारण नवीन शूटिंग बंद होतं, चॅनललेच दाखवाले काही नव्हतं. पहिल्या वेळेस झाडू खाली ठेवावा लागला. तुझ्या हातात काय आहे खाली ठेवाले?"

"फोन," काकू म्हणाल्या. "थो त् ठेवतच नाई."

नातीनं फोन ठेवला नाही; उलट त्यातूनच उत्तर काढलं. अमेरिकेत 'जेरिको' नावाची मालिका सीबीएस चॅनलनं मे 2007 मध्ये बंद केली. शेवटच्या भागात नायकाला शरण यायला सांगतात आणि तो जे एका शब्दाचं उत्तर देतो, त्याचा एक अर्थ दाणे असा होतो. चाहत्यांनी तो शब्द धरून चॅनलच्या कचेरीत शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. पाकिटं नव्हे, पोती. वीस टनांच्या आसपास दाणे जमा झाले.

"वीस टन!" काकूंनी टोपली बाजूला सरकवली. "दोन ट्रक भरतात. भुईमूग आज काय भावानं हाये माहीत हाये का तुले?"

"आजी, ऐक ना. चॅनल हरलं. आणखी सात भाग करायचं कबूल केलं आणि सांगितलं, आता कृपा करा, दाणे पाठवू नका."

"मंग झाले सात भाग?"

"झाले."

"मंग?"

नातीचा आवाज खाली आला. "मग पुन्हा बंद केली. पाहणारे पुरेसे भरले नाहीत."

काकांना हेच हवं होतं. "दाणे पाठवणारे किती आणि टीव्हीपुढं बसलेले मोजून किती भरतात, हे दोन हिशेब वेगळे. दाण्यानं दार उघडते. घरात राहू द्याचं का नाही, ते डबा ठरवते."

पण नात हार मानणारी नाही. तिनं 'स्टार ट्रेक' काढलं. 1966 मध्ये एनबीसीवर सुरू झालेली ही अंतराळातली मालिका दुसऱ्याच वर्षी बंद पडायला आली होती. बीजो आणि जॉन ट्रिम्बल या नवराबायकोनं पत्रांची मोहीम चालवली. कोणाला लिहायचं, कसं लिहायचं, सगळं लोकांना शिकवलं. पत्रांचा असा पाऊस पडला की मार्च 1968 मध्ये चॅनलला भागाच्या शेवटी पडद्यावरूनच सांगावं लागलं की मालिका पुढं चालू राहील. तिसरं वर्ष मिळालं, पण वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा ती पाहणारी तरुण पोरं घरी नसतात. 1969 मध्ये संपली. एकूण 79 भाग.

"म्हणजे मारलंच की," मी म्हटलं.

"मारलं. पण तिसरं वर्ष मिळालं म्हणून दुसऱ्या स्टेशनांना रोज दाखवण्याएवढे भाग झाले. तेच भाग पुन्हापुन्हा लागले आणि लोक वाढत गेले. 1979 मध्ये सिनेमा निघाला. अजून नवीन मालिका निघतात."

हे मात्र काकांना खोडता येईना. ते उठून पाणी प्यायला गेले. सीआयडीचंही तेच झालं होतं: बंद पडली तेव्हाच्या ओरडीनं काही हललं नाही, सहा वर्षांच्या फेरप्रक्षेपणानं हललं. म्हणजे सही करणारापेक्षा पुन्हा पाहणारा मोठा. मी हे बोलून दाखवलं तर काकू म्हणाल्या, "मंग पाह्य ना पुन्हा पुन्हा. सही कायले पाह्यजे?"

"पण आपण पाहिलेलं मोजतंच कोण, आजी?"

आता डब्याचा हिशेब नीट मांडावा लागला. देशात टीव्ही असलेली घरं 23 कोटींच्या घरात, आणि डबे 58 हजारांच्या आसपास. पावणेचार-चार हजार घरांमागे एक. वडशाच्या अख्ख्या गावात एखादा असला तर असला. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, तो कोणी बसवत असेल का, यावर पाणी पिऊन परत आलेल्या काकांनी नुसती मान हलवली. शिवाय 2015 च्या ऑक्टोबरात बार्कनं खेड्यांची मोजणी सुरू केली, त्याआधी टीआरपीच्या नियमित आकड्यांत गावं धरलीच जात नव्हती. 'दिल दोस्ती दुनियादारी' पहिले सात महिने आमच्यासारख्यांनी पाहिली काय, न पाहिली काय, मुंबईत कोणाच्या कागदावर ते आलं नाही.

"आणि समजा बसवला डबा एखाद्या घरी," काका खुर्चीत टेकले, "तर त्या बिचाऱ्याले काय कळन आपलं? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चार वाजता उठून माणसं मोहफुलं वेचाले जातात. रात्री आठले झोपतात. डबा म्हणन, मालिका पडली. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की गावंच्या गावं जंगलात. दिवसभर पानं तोडाची, संध्याकाळी पुडे बांधाचे, फळीवर नेऊन मोजून द्याचे. डबा म्हणन, कोणाले आवडलीच नाही. पावसात रोवणा. दिवाळीनंतर धानाची कापणी, आणि तिथून पुढं होळीपर्यंत…"

"नाटकं!" काकू आणि नात एकदमच म्हणाल्या.

तर ते असं आहे. आमच्याकडं भाऊबीज झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडशात नाट्यकंपन्यांच्या कचेऱ्या एकाला एक लागून. दारावर बोर्ड, आत टेबल, टेबलावर तारखांची वही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांची मंडळं येतात, नाटक ठरवतात, बयाणा देतात. मंडईची जत्रा असो, बैलांचा शंकरपट असो, रात्री नाटक पाहिजेच. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवला तरी नायिकेवरचा अन्याय संपलेला नसतो. वाघाच्या भीतीनं जंगलाच्या रस्त्यानं एकटं कोणी येत नाही. ट्रॅक्टर भरून येतात. कुरखेड्याजवळच्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका. त्यातला एकेक प्रयोग मोजायला कोणता डबा लागला नाही. तिकिटं संपली का, एवढंच मंडळवाले पाहतात. तंबू भरला तर पुढल्या वर्षी तीच कंपनी, नाही भरला तर समोरच्या बोर्डाखाली जाऊन विचारतात.

"आनि लोकाईले एखादं नाटक आवडलं, त् थे बंद कोन करते?" काकूंनी विचारलं. "गेल्या साली जे नाटक आपल्या भाचीच्या गावात झालं, थेच यंदा पाह्यजे म्हनून मंडळवाले अडून बसले होते. कंपनीवाला म्हने नवीन बसवलं. हे म्हनत, नवीन तुह्या घरी ठेव."

"मिळालं?"

"मिळालं ना. पैसे कोनाचे हायेत?"

शंकरपटाचंही असंच झालं, काकांनी आठवण करून दिली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या. पट ओस पडले. पण पटाचे शौकीन गप्प बसले नाहीत. मोर्चे निघाले, आमदारांच्या दारात माणसं बसली. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, तो पुन्हा कोर्टात अडकला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. बैल योग्य का अयोग्य, हा वाद आमच्या कुंपणावर वेगळा होतो आणि त्यात काकू आणि मी दोन बाजूंना असतो. पण एवढं खरं की नऊ वर्षं माणसांनी मागणी सोडली नाही, आणि ज्यांच्याकडं मागितलं त्यांना या माणसांची मतं लागत होती.

"चॅनलवाल्याले तुझं काय लागते?" काकांनी नातीला विचारलं. "मत नाही. तिकीट नाही. तुझं पाहणंही त्याच्या मोजणीत नाही, कारण तू फोनवर पाह्यतेस. मग तो तुझं पत्र कायले वाचन?"

"फोनवर पाहिलेलं तिकडं मोजतात, आबा. ॲपमध्ये एकेक सेकंद मोजतात," नात म्हणाली. "डब्यापेक्षा जास्त मोजतात. 'साराभाई वर्सेस साराभाई' 2006 मध्ये बंद पडली होती. 2017 मध्ये आली ती हॉटस्टारवर, टीव्हीवर नाही."

इथं काका पहिल्यांदा अडखळले. खरं होतं ते. डब्याला एटापल्लीचा टोला दिसत नाही. ॲपला रेंज असेल तिथला प्रत्येक जण दिसतो. पत्राऐवजी त्या सहा जणांचे जुने भाग सगळ्या कॉलेजनं मिळून पुन्हा पाहिले, तर त्याची नोंद कुठंतरी होईल. नातीनं कागद टोपलीखालून ओढून काढला, मागची कोरी बाजू वर केली आणि मैत्रिणींची नावं लिहायला घेतली.

"पन त्यात आपलं काय?" काकूंना काळजी वेगळीच. "तुमी पाह्यसान फोनवर. मले चश्म्यानं त्यात मुंगी दिसते. मले थे पोरं पाहाची असन त् कशी पाहू?"

"तू तर म्हणत होतीस, आठवत नाही!"

"तू एवढी रडून रायली, म्हंजे चांगलीच असन. मले एक सांग. थे सहा जनं आता काय करतात?"

"सिनेमे करतात. नाटकं करतात. त्यातल्या काही जणांनी मिळून 'अमर फोटो स्टुडिओ' नाटक केलं होतं."

"नाटकं करतात?" काकूंच्या आवाजाला एकदम धार आली. "मंग चॅनलले कायले विचारून रायले तुमी! हंगामात मुंबईचे टीव्हीवाले आपल्याकडं येतातच ना? पोस्टरवर मोठा फोटो लावतात, एका सीनले येतात, टाळ्या घेतात, जातात. यायले बोलवा. सहाच्या सहा. एक घर उभं करा स्टेजवर, त्याले माजघर म्हना. कोनाच्या बापाची परवानगी लागते?"

"आजी, असं नसतं. मालकीहक्क असतात…"

"मंग परसदार म्हना!"

काका हसत हसत खोकायला लागले. मी म्हटलं, काकू, सहा कलाकारांची सुपारी किती होते माहीत आहे का? मंडळाला परवडणार आहे का?

"परवडन. दोन गावं मिळून घ्या. तिकीट वाढवा. मागं एक लावणी टाका, म्हंजे मानसं बी येतीन." काकूंनी शेंगांची टोपली उचलली, पदर खोचला, आणि फाटकाकडं निघाल्या.

"कुठं चालल्या?"

"कंपनीच्या हाफिसात. इचारून त् येतो."

"अगं, तो तुले दारात उभा तरी करन का?" काका ओरडले. "तो तुले ओळखते तरी का?"

"ओळखत नाई कसा? मुंबईच्या चॅनलवाल्याले माहं घर माहीत नाई. याले चांगलं माहीत हाये. गेल्या सालच्या नाटकाचे साडेतीन हजार तुमच्या मंडळानं अजून देल्ले नाई, दर बाजाराले दारात येऊन विचारते थो मले!"